चौथ्या डिव्हिजनची मॅच बघायला स्कॉटलंडला कशाला? वाचकांचे प्रश्न, बोटीवरच्या माणसाची उत्तरं

मागच्या अंकात मी स्कॉटलंडातल्या आर्ब्रोथच्या फुटबॉल मैदानाबद्दल अर्धं पान लिहिलं होतं, की भरती आणि वारा एकत्र आले की लाटेचं पाणी भिंतीवरून आत उडतं आणि लोक तसेच उभे राहून मॅच बघतात. एवढंच लिहिलेलं. त्यावर वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतची पत्रं आणि व्हॉट्सॲप संपादकांकडे आलेत, त्यातले निवडक प्रश्न इथे घेतोय. ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी रत्नागिरीचा, नोकरी सगळी बोटीवर आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं नॉर्थ सीमध्ये तेलाच्या रिगना सामान पोचवणाऱ्या सप्लाय बोटींवर, त्यामुळे ॲबर्डीन, पीटरहेड, मॉन्ट्रोज ही बंदरं पायाखालची झाली. शनिवारी बोट धक्क्याला असली आणि ड्युटी नसली की मॅच, दुसरं करण्यासारखं फारसं नसायचंच.

घरात विषय काढला तर सगळे म्हणतात ‘थंय जावन करतलंस काय?’ मँचेस्टर, लिव्हरपूल सोडून स्कॉटलंडातल्या खालच्या लीगच्या मॅचला एवढे पैसे घालून का जायचं? – एक वाचक, मालवण

घरच्यांचं चुकत नाही, ऐकायला ते विचित्रच वाटतं. पण मोठ्या क्लबच्या मॅचचं तिकीट आपल्याला सरळ मिळत नाही, मेंबरशिप लागते, नाहीतर पॅकेजवाल्याला वाटेल ते पैसे द्या, आणि एवढं करून बसायला मिळतं तिसऱ्या मजल्यावर. स्कॉटलंडच्या लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या डिव्हिजनमध्ये, साधारण पंधरा पौंडाच्या आसपास तिकीट असतं, ते ऐनवेळी दारावर जाऊनही बहुतेक ठिकाणी मिळतं आणि तुम्ही कठड्याला टेकून उभे राहता, लाइनच्या पलीकडे दोन हातांवर खेळाडू. त्याचा श्वास ऐकू येतो, तो रेफरीला काय बोलला तेही ऐकू येतं (ते छापण्यासारखं नसतं). यातले बरेच खेळाडू पार्टटाइम, म्हणजे कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी शाळेत शिकवतो, आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रॅक्टिस आणि शनिवारी मॅच. समोरची पब्लिक चार-पाचशे असेल, कधी हजार, आणि त्यातले निम्मे त्या खेळाडूला नावाने ओळखतात, काहींच्या घरचा नळ त्यानेच दुरुस्त केलेला असतो.

आता रचना थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं कळेल. २०१३ पासून तिथे एसपीएफएल (स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीग) नावाची लीग आहे, चार पायऱ्या, वरची प्रीमियरशिप १२ क्लबांची आणि खाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू या प्रत्येकी १० क्लबांच्या, एकूण ४२. पूर्वी शेवटून पहिला आलात तरी कुणी बाहेर काढत नव्हतं, २०१५ पासून मात्र शेवटच्या क्लबला खालच्या लीगमधून आलेल्या विजेत्याशी दोन मॅचचा प्लेऑफ खेळावा लागतो आणि हरला की तो ४२ मधून बाहेर. पहिल्याच वर्षी ही पाळी मॉन्ट्रोजवर आली, माझा क्लब तो. ब्रोरा नावाच्या टीचभर गावाच्या क्लबकडून पहिली मॅच १-० हरले, मग घरी ३-१ जिंकून कसेबसे वाचले. पुढच्या वर्षी ईस्ट स्टर्लिंगशर गेला, २०१९ मध्ये बेरिक, २०२१ ला ब्रेकिन, २०२५ ला बॉनीरिग. तेव्हा शेवटच्या नंबरवरच्या दोन टीमची मे महिन्यातली मॅच बघा एकदा, वर्ल्ड कपची फायनल काय असते ते विसराल.

३६-० चा रेकॉर्ड आर्ब्रोथचा आहे असं वाचलं, हे खरं की गप्पा? आणि मैदान खरंच समुद्राला इतकं चिकटून आहे का? – एक वाचक, गुहागर

खरं आहे. १२ सप्टेंबर १८८५, स्कॉटिश कप, आर्ब्रोथ विरुद्ध ॲबर्डीनची बॉन अकॉर्ड नावाची टीम, स्कोअर ३६-०, त्यातले १३ गोल जॉकी पेट्री नावाच्या एकाच पोराचे. गंमत म्हणजे त्याच दिवशी जवळच डंडी हार्पने ॲबर्डीन रोव्हर्सला ३५-० ने धुतलं, म्हणजे दोन्ही ॲबर्डीनवाले बिचारे एकाच शनिवारी गेले कामातून.

मैदानाचं नाव गेफील्ड. समुद्राच्या बाजूची भिंत ओलांडली की रस्ता-बिस्ता नाही, थेट नॉर्थ सी आणि शेजारी मासेमारीचं बंदर. युरोपातल्या सीनियर मैदानांत समुद्राला सगळ्यात जवळचं हेच असं तिथले लोक छातीठोक सांगतात. आपल्याकडे किनाऱ्यावर टेनिस बॉलच्या टुर्नामेंट होतात तेव्हा वाऱ्याने कॅच सुटतो तो वेगळा, इथे गोलकीपर किक मारतो, बॉल वर जातो, हवेत थांबल्यासारखा होतो आणि हळूहळू त्याच्याकडेच परत यायला लागतो, आणि तो आणि त्याचे डिफेंडर वर बघत मागे मागे धावतात. मी हे बघितलंय. टॉस जिंकणारा कॅप्टन आधी वारा बघतो. बाहेरून आलेल्या टीमला हे जमत नाही, आर्ब्रोथवाल्यांना सवय, बॉल जमिनीवरूनच ठेवतात. २०२१-२२ मध्ये हा पार्टटाइम क्लब चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला, पहिला किल्मार्नक, तो फुलटाइम पगारी क्लब. थोडक्यात हुकलं नाहीतर नोकरी सांभाळून खेळणारी पोरं वरच्या लीगमध्ये सेल्टिक-रेंजर्स या ग्लासगोच्या बड्या क्लबांसमोर उभी राहिली असती. तेव्हा सगळं गाव त्या मैदानात होतं म्हणतात, मी नेमका बोटीवर.

क्लबला ‘रेड लिक्टीज’ म्हणतात, बोटींना बंदर दाखवायला पूर्वी तिथे लाल दिवा लावत त्यावरून. दर्यावर्दी माणसाला क्लब निवडायचा तर हाच आवडायला हवा होता, पण माझं नशीब मॉन्ट्रोजला अडकलेलं.

तिकडे मॅचला खायला काय मिळतं? आम्ही बीफ खात नाही, पत्नी पूर्ण शाकाहारी. – एक वाचक, देवगड

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तो कुठल्याच ट्रॅव्हलवाल्याच्या माहितीत नसतो.

मैदानावरचं ठरलेलं खाणं म्हणजे स्कॉच पाय आणि बोव्हरिल. पाय म्हणजे तळहातात मावेल असा गोल, कडक पारीचा, आत मसाला म्हणजे मुख्यतः मिरपूड घातलेला खिमा. वरचं झाकण कडेपेक्षा बोटभर खाली बसवलेलं असतं आणि मधे छोटं भोक, त्या खळग्यात लोक ब्राउन सॉस ओततात. दोन्ही हातांनी धरायचा, हातमोजे काढून, कारण त्याच्यावरच हात शेकायचे असतात. आत फार गरम असतो, पहिला घास जपून, जीभ भाजते आणि चरबी बाहीतून कोपरापर्यंत जाते. परंपरेने आत मटण, पण आजकाल बऱ्याच ठिकाणी बीफ किंवा दोन्हीचं मिक्स असतं, तेव्हा ‘मटणाचाच असतो’ असं कुणी सांगितलं म्हणून खाऊ नका, काउंटरवर स्पष्ट विचारा, ते लोक सांगतात आणि रागावत पण नाहीत. बोव्हरिल हा कपातून पितात तो गरम काळसर सूपसारखा प्रकार सरळ बीफचाच अर्क. मधे २००४ ते २००६ त्यातलं बीफ काढून यीस्टचं केलं होतं, मग परत बीफ आणलं. कपाला वास चांगला येतो म्हणून फसू नका. फोरफारला गेलात तर तिथली ब्रायडी प्रसिद्ध, करंजीच्या आकाराची पण आपल्या चार करंज्यांएवढी, ती पण बीफची.

मग उरलं काय, तर बरंच उरतं. मॅकरोनी पाय म्हणजे त्याच पारीत चीजमधली मॅकरोनी भरलेली, वहिनींना ती चालेल, आणि चिप्स, चहा, चॉकलेट असतंच. चिप्सवर करी सॉस मिळतो, त्याला करी का म्हणतात ते देव जाणे.

मासे खाणाऱ्याने आर्ब्रोथला मॅचच्या आधी बंदरावर जावं. तिथली स्मोकी म्हणजे हॅडॉक मासा. डोकं काढून, मीठ लावून, दोन-दोनच्या जोड्या शेपटीला सुतळीने बांधतात, आडव्या काठीवर टांगतात आणि पिंपात लाकडाचा विस्तव करून वर ओल्या गोणपाटाने झाकतात. धूर आणि वाफ दोन्ही लागते, त्यामुळे मासा सुकत नाही, आतून शिजून पांढरा ओलसर राहतो आणि बाहेरून तांब्यासारखा रंग. गरमगरम कागदावर घेऊन बोटांनी उघडून खायची, काट्याचा मधला कणा एका ओढीत निघतो. आपल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं तसा या स्मोकीला २००४ मध्येच मिळालाय, आर्ब्रोथपासून आठ किलोमीटरच्या आत केली तरच तिला ते नाव लावता येतं. मॅच हरली तरी स्मोकी हरत नाही.

दहा दिवसांची रजा आहे. मला जास्तीत जास्त मैदानं ‘कव्हर’ करायची आहेत, रूट सुचवा. – एक चाकरमानी, डोंबिवली (मूळ राजापूर)

रूट सुचवतो पण आधी एक सांगतो, राग मानू नका. मैदानं मोजत फिरणारे लोक तिथेही आहेत, वहीत टिकमार्क करत जातात, फोटो काढला की पुढे. मला तो नाद कळतो पण पटत नाही. त्यात मॅचची मजा येत नाही, कारण कोण जिंकलं याने तुमचं काही बिघडत नाही. त्यापेक्षा एक क्लब धरा, कुठलाही धरा, जर्सीचा रंग आवडला म्हणून धरलात तरी चालेल, आणि त्याच्या मागे जा. एक मॅच त्यांच्या घरी, मग ते जिथे जातील तिथे. दुसऱ्या गावात तुमच्या क्लबचे साठ-सत्तर जणच असतात, एका कोपऱ्यात उभे, आणि त्यात एक ब्राउन माणूस स्कार्फ घालून आलाय म्हटल्यावर दहा मिनिटांत विचारपूस होते, की बाबा तू कुठला, आणि कुठल्या पापाची फळं म्हणून आमच्या क्लबच्या मागे लागलास. हाफटाइमला स्कॉच पाय घेऊन देतात. नुसती मैदानं मोजत गेलात तर हे वाट्याला येत नाही. सपोर्टर्सची बस असते, क्लबला ईमेल करून जागा विचारा, बहुतेक वेळा असते.

आता जागा. अँगस नावाचा परगणा धरा, डंडीच्या वरचा किनारा. लोकसंख्या सव्वा लाखाच्याही आत आणि त्यात चार जुने क्लब, आर्ब्रोथ, मॉन्ट्रोज, फोरफार, ब्रेकिन, एकमेकांपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. मजा म्हणजे २०२५-२६ च्या सीझनला चौघे चार वेगळ्या पायऱ्यांवर आहेत, आर्ब्रोथ चॅम्पियनशिपमध्ये, मॉन्ट्रोज लीग वन, फोरफार लीग टू आणि ब्रेकिन त्याच्याही खाली हायलँड लीगमध्ये. मुक्काम आर्ब्रोथ किंवा मॉन्ट्रोजला करा, दोन्ही रेल्वेच्या मेन लाइनवर, एकमेकांपासून पंधरा-वीस मिनिटं. दुबईमार्गे ग्लासगो किंवा एडिंबराला उतरलात की तिथून ट्रेनने दीड-दोन तास. १ सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटरेलने गर्दीच्या वेळेचं जादा भाडं बंद केलंय, म्हणजे सकाळी निघालात तरी तेच भाडं. फोरफारच्या मैदानाचं नाव स्टेशन पार्क आहे म्हणून ट्रेन शोधत बसू नका, तिथलं स्टेशन १९६७ मध्येच बंद झालंय, बस घ्या. ब्रेकिनला पण बसच, पण जाच, तिथे मैदानाच्या एका बाजूला भिंतीऐवजी हिरवं कुंपण आहे, नीट कापलेली उंच हेज, आणि बॉल त्यात अडकला की पोरं काढायला धावतात.

अँगसच्या बाहेर एखादा दिवस काढायचा तर ईस्ट फाइफ. मेथिलला समुद्राच्या कडेला मैदान, आणि त्यात स्टँड एकच, बाकी तीन बाजू मोकळ्या. या क्लबने १९३८ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना स्कॉटिश कप जिंकला होता. पूर्वी तिथे जाणं कटकटीचं होतं, जून २०२४ पासून लेव्हनपर्यंत रेल्वे परत सुरू झालीये, ५५ वर्षांनी, स्टेशनवरून चालत जाता येतं. बेरिक पण बघण्यासारखं, गाव इंग्लंडमध्ये आणि क्लब खेळतो स्कॉटलंडच्या लीगमध्ये, १९६७ मध्ये त्यांनी कपमधून रेंजर्सला १-० ने घालवलं होतं, त्याचा गजर तिथे अजून चालू आहे.

दहा दिवसांत दोन शनिवार येतात, मधे एखादी मंगळवारची रात्रीची मॅच मिळेल. बास झालं तेवढं.

कुठल्या महिन्यात जावं? पावसाचं काय? – एक वाचक, वेंगुर्ले

वेंगुर्ल्याच्या माणसाने पावसाचं विचारावं! आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पडतो, अँगसच्या किनाऱ्यावर वर्षाचा मिळून सातशेच्या आतबाहेर. पाऊस काही करत नाही, वारा करतो. तो कपड्यातून नाही, हाडातून जातो. शिवाय थंडी खालून येते, सिमेंटच्या पायरीवर दोन तास उभं राहिलं की पाय आपले आहेत की नाहीत कळत नाही. जुनी माणसं पुठ्ठ्याचा तुकडा किंवा जाड पेपर आणतात आणि त्यावर उभी राहतात, तुम्हीही तेच करा, महागड्या बुटांपेक्षा त्याचा जास्त उपयोग. लोकरीचे मोजे दोन जोड, कानटोपी, आणि छत्री अजिबात नको, मागच्याला दिसत नाही आणि वाऱ्यात ती टिकतही नाही.

सीझन ऑगस्ट ते मे. डिसेंबर-जानेवारी टाळा, साडेतीन-पावणेचारला सूर्य जातो, तीनची मॅच म्हणजे जवळजवळ सगळी लाइटमध्ये. ऑगस्ट-सप्टेंबर हवेला उत्तम पण तेव्हा आपले गणपती, मार्चला शिमगा, एप्रिल-मेला आंबा सोडून कोण जातोय. म्हणजे कोकणी माणसाला राहिला ऑक्टोबर. तो चांगला असतो, थंडी सोसवते, आणि भातकापणीचं घरच्यांशी तुम्ही बघून घ्या.

मुलगी डंडीला एमएससी करते, मैत्रिणींबरोबर मॅचला जाते म्हणते. फुटबॉलचे लोक दारू पिऊन मारामाऱ्या करतात असं ऐकलंय, काळजी वाटते. – एक आई, सावंतवाडी

ताई, खालच्या लीगच्या मॅचला खुशाल जाऊ द्या. आजोबा नातवाला घेऊन येतात, आज्या स्वेटर विणत बसलेल्या असतात, लहान पोरांना बऱ्याच क्लबांत फुकट किंवा नाममात्र तिकीट. दारूचं म्हणाल तर १९८० च्या कप फायनलला सेल्टिक आणि रेंजर्सचे लोक मैदानात उतरून एकमेकांवर तुटून पडले, तेव्हापासून कायदाच आहे, स्टँडमध्ये सर्वसामान्य प्रेक्षकाला दारू विकत नाहीत, बाटली घेऊन आत जाता येत नाही आणि टाइट होऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवू शकतात. सपोर्टर्सच्या बसमध्येही बंदी. ज्याला प्यायची तो आधी पबात पिऊन घेतो, पण दोन तास ती थंडी खाल्ली की उतरते.

छोट्या मैदानांवर एक पद्धत तिला आवडेल. दोन्ही क्लबच्या लोकांना वेगळं ठेवायची गरज नसली की हाफटाइमला अख्खी पब्लिक जागा बदलते, आपली टीम ज्या गोलकडे हल्ला करणार त्याच्यामागे जाऊन उभी राहते. दोन्हीकडचे लोक मधल्या वाटेत एकमेकांना क्रॉस करतात, टोमणे मारत, हातात चहाचे कप. मोठ्या क्लबांच्या मॅचला मात्र ती कुणाबरोबर जातेय ते विचारून घ्या, तिथलं वातावरण वेगळं. डंडीचेच दोन क्लब एकाच रस्त्यावर आहेत, दोन मैदानांत चालत दोन-तीन मिनिटांचं अंतर, त्या दोघांची आपसातली मॅच असेल त्या दिवशी तिला म्हणावं अभ्यास कर.

मला फक्त इंग्लिश थोडं येतं, तिथलं बोलणं कळेल का? – एक वाचक, चिपळूण

पहिले दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी शिव्या कळतात, मॅचला तेवढं पुरतं.

एवढ्या लांब जाऊन मॅच रद्द झाली तर? – एक वाचक, दापोली

होते, विशेषतः थंडीत. मैदान गोठलं किंवा पाणी साचलं की सकाळी रेफरी येऊन बुटाची टाच मारून बघतो आणि निर्णय देतो, कधी दुपारी बाराला, तेव्हा तुम्ही ट्रेनमध्ये असता. म्हणून सकाळी निघण्याआधी क्लबचं सोशल मीडिया बघायचं, ‘पिच इन्स्पेक्शन’ असं लिहिलेलं दिसलं की चहा अजून एक घ्यायचा आणि थांबायचं. मॉन्ट्रोज आणि फोरफारला कृत्रिम गवत आहे, तिथे मॅच रद्द व्हायची शक्यता कमी, ब्रेकिनला खरं गवत. म्हणूनच म्हटलं अँगसमध्ये मुक्काम करा, एक मॅच गेली तर वीस किलोमीटरवर दुसरी चालू असते, बाराला कळलं तरी तीनपर्यंत पोचता. आणि व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो, त्यामुळे पुढे ढकललेली मॅच मंगळवारी लागली आणि विमानाचं तिकीट बदलता येत असेल तर थांबा. ऑफिसला काय सांगायचं ते मात्र मला विचारू नका.